नेटवर्कवरचा फोल्डर आपोआप जोडला जात नाही: लिनक्सवर ऑटोएफएस तपासायचं कुठून

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या ड्रॉइंग ऑफिसात हमखास दिसणारी मांडणी: कोपऱ्यात एक जुना पीसी किंवा दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कवर फाइली ठेवायची पेटी), त्यावर सगळी ड्रॉइंग आणि हिशेब, आणि स्विचमधून जोडलेली पाच-सात लिनक्स मशीन. वीज जाऊन आली की एसएसडीवाले पीसी अर्ध्या-पाऊण मिनिटात लॉगिनपर्यंत पोचतात. नॅसला मात्र काही मिनिटं लागतात. एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना जोडायच्या डिस्क-फोल्डरांची यादी असलेल्या फाइलीत) साधी ओळ असेल तर नेमकं तेव्हाच माउंट (फोल्डर जोडणं) फसतं आणि कोणी हाताने पुन्हा माउंट करेपर्यंत फोल्डर रिकामा राहतो. ऑटोमाउंट आहे ते यासाठीच, आणि लिनक्सवर ते करणारी नेहमीची सेवा म्हणजे ऑटोएफएस. फोल्डर कोणी उघडला की तेव्हा जोडायचा, काही वेळ कोणी वापरला नाही की सोडून द्यायचा.

हे चालेनासं झालं की पहिला हात मॅपच्या फाइलला (कोणता फोल्डर कुठून जोडायचा याची यादी) जातो आणि तिथेच गुंता वाढतो. दोष बहुतेक वेळा ऑटोएफएसच्या खालच्या थरांत असतो: सर्व्हरचं नाव, पोर्ट, एक्स्पोर्ट (सर्व्हरने नेटवर्कवर खुला केलेला फोल्डर), परवानगी. म्हणून इथला क्रम खालून वर आहे. उदाहरणात सर्व्हरचं नाव 'गोदा', त्याचा पत्ता १९२.१६८.१०.५, आणि त्यावरचा फोल्डर /एसआरव्ही/ड्रॉइंग. क्लायंटवर तो /दप्तर/ड्रॉइंग इथे दिसायला हवा. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची.

आधी खात्री करा की बिघाड आहे

ऑटोएफएसचे दोन भाग. कर्नलमधला भाग /दप्तर या फोल्डरवर पहारा ठेवतो. कोणी /दप्तर/ड्रॉइंग मागितलं की तो 'ऑटोमाउंट' या डीमनला (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामला) कळवतो. डीमन मॅपमध्ये 'ड्रॉइंग' ही की (ओळीतलं पहिलं नाव) शोधतो आणि साधी माउंट आज्ञाच चालवतो. म्हणजे मागितल्याशिवाय काहीच घडत नाही. `एलएस /दप्तर` केल्यावर यादी रिकामी आली तर ते बिघाडाचं लक्षण नाही, कारण 'ब्राउझ_मोड' (न जोडलेली नावंही यादीत दाखवायचा पर्याय) बहुतेक ठिकाणी 'नो' असतो. खरी चाचणी ही:

`एलएस /दप्तर/ड्रॉइंग`

फाइल मॅनेजरमधून शोधणाऱ्यांना रिकामा फोल्डर पाहून वाटतं की सगळं बंद पडलंय. ऑफिसातल्या लोकांसाठी डेस्कटॉपवर पूर्ण मार्गाचा शॉर्टकट करून द्या, किंवा मास्टर मॅपच्या (कोणत्या फोल्डरला कोणता मॅप हे सांगणाऱ्या फाइलीच्या) ओळीत '--घोस्ट' लिहा. मग नावं माउंट न होताही दिसतात.

ऑटोएफएस बाजूला ठेवून हाताने माउंट करा

सेवा थांबवा: `सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप ऑटोएफएस`. मग नाव सुटतंय का ते पाहा:

`गेटएंट होस्ट्स गोदा`

इथे 'एनएसलुकअप' वापरू नका. तो फक्त डीएनएसला विचारतो. माउंट मात्र एनएसस्विच फाइलीत दिलेल्या क्रमाने, होस्ट्स फाइल धरून, नाव शोधतो. एनएसलुकअपला उत्तर मिळतं आणि माउंटला मिळत नाही, किंवा याच्या उलट, असं सहज होतं. वीज परत आल्यावर राउटरही नव्याने सुरू होतो आणि डीएचसीपीने (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीने) नॅसला वेगळा पत्ता दिलेला असू शकतो. गेटएंटने दाखवलेला पत्ता आणि नॅसचा खरा पत्ता ताडून बघा. वेगळा निघाला तर राउटरमध्ये नॅसच्या मॅक पत्त्यासाठी कायमचा आयपी राखून ठेवा. तेवढं केलं की तक्रारींचा एक मोठा गठ्ठा कायमचा मिटतो.

पुढे पोर्ट:

`एनसी -झेडव्ही गोदा २०४९`

एनएफएसची (नेटवर्कवरून फोल्डर वाटायच्या पद्धतीची) चौथी आवृत्ती एवढ्या एकाच टीसीपी पोर्टवर चालते. तिसऱ्या आवृत्तीला शिवाय आरपीसीबाइंडचा १११ आणि माउंटडीचा पोर्ट लागतो. रेड हॅट घराण्यात तो २००४८ असतो. पिंग चालतंय पण माउंट 'नो रूट टू होस्ट' म्हणतंय, तर नेटवर्क तुटलेलं नाही. सर्व्हरवरचा फायरवॉलडी अशाच उत्तराने नकार देतो. सर्व्हरवर हे करा:

`सुडो फायरवॉल-सीएमडी --पर्मनंट --ॲड-सर्व्हिस=एनएफएस`
`सुडो फायरवॉल-सीएमडी --रीलोड`

तिसरी आवृत्ती लागत असेल तर 'माउंटडी' आणि 'आरपीसी-बाइंड' याही सेवा त्याच पद्धतीने जोडा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर सर्व्हरवर एनएफएसची सेवाच सुरू नाही. 'टाइम्ड आउट' आलं तर मधे कुठेतरी पॅकेट गिळली जात आहेत.

आता प्रत्यक्ष माउंट:

`सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/चाचणी`
`सुडो माउंट -व्ही -टी एनएफएस गोदा:/एसआरव्ही/ड्रॉइंग /एमएनटी/चाचणी`

'बॅड ऑप्शन' किंवा 'राँग एफएस टाइप' असा संदेश आला तर क्लायंटवर मदतनीस प्रोग्रामच नाही. उबुंटू-डेबियनवर 'एनएफएस-कॉमन', फेडोरा-रेड हॅटवर 'एनएफएस-युटिल्स' हे पॅकेज टाका.

'ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर' आलं तर सर्व्हरवरची /ईटीसी/एक्स्पोर्ट्स फाइल उघडा आणि एक जागा डोळ्यांत तेल घालून पाहा. ओळ अशी हवी:

`/एसआरव्ही/ड्रॉइंग १९२.१६८.१०.०/२४(आरडब्ल्यू,सिंक)`

पत्ता आणि कंस यांच्यामध्ये मोकळी जागा नको. ती राहिली तर अर्थ पार बदलतो: तुमच्या नेटवर्कला मूळ पर्याय मिळतात, म्हणजे फक्त वाचायची मुभा, आणि कंसातली लिहायची मुभा सगळ्या जगाला. त्यामुळे कधी माउंट होतं पण लिहिता येत नाही, आणि सुरक्षेचं भगदाड पडतं ते वेगळंच. फाइल सुधारल्यावर `सुडो एक्स्पोर्टएफएस -आरए` चालवा, आणि `सुडो एक्स्पोर्टएफएस -व्ही` ने सर्व्हरला काय समजलंय ते वाचा. फाइलीत काय लिहिलंय यापेक्षा ही यादी खरी.

'शोमाउंट -ई गोदा' वर फार विसंबू नका. तो माउंटडीला विचारतो. फक्त चौथ्या आवृत्तीवर चालणाऱ्या किंवा २०४९ एवढंच उघडं ठेवलेल्या सर्व्हरवर तो फसतो आणि माउंट मात्र व्यवस्थित होतं. चौथ्या आवृत्तीत आणखी एक मेख आहे. एक्स्पोर्टमध्ये एखाद्या फोल्डरला 'एफएसआयडी=०' दिलेलं असेल तर क्लायंटसाठी मार्ग तिथून सुरू होतो. /एसआरव्ही ला शून्य दिलं असेल तर मागायचं ते गोदा:/ड्रॉइंग. पूर्ण मार्ग दिला की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतं आणि सर्व्हरवर फोल्डर तर समोर दिसत असतो.

व्हर्च्युअल मशीन नॅटमागे (पत्ता आणि पोर्ट बदलून विनंती पुढे पाठवणाऱ्या सोयीमागे) असेल आणि तेवढ्याच मशीनला नकार मिळत असेल, तर कारण पोर्टचं आहे. एनएफएस सर्व्हर मुळात १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आलेलीच विनंती मानतो. नॅट ती वरच्या पोर्टवरून पाठवतो. मशीनचं नेटवर्क ब्रिज करा. तो मार्ग नसेल तरच एक्स्पोर्टमध्ये 'इनसिक्युअर' लिहा.

हाताने माउंट होईपर्यंत पुढे जाऊ नका. झालं की `सुडो यूमाउंट /एमएनटी/चाचणी`, थांबवलेली ऑटोएफएस सेवा पुन्हा सुरू करा, आणि मग वर चढा.

मास्टर आणि मॅप

/ईटीसी/ऑटो.मास्टर मध्ये ही ओळ:

`/दप्तर /ईटीसी/ऑटो.दप्तर --टाइमआउट=३००`

आणि /ईटीसी/ऑटो.दप्तर मध्ये ही:

`ड्रॉइंग -एफएसटाइप=एनएफएस,आरडब्ल्यू,हार्ड गोदा:/एसआरव्ही/ड्रॉइंग`

पर्यायांच्या स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही. की म्हणून 'ड्रॉइंग' एवढंच लिहायचं, पूर्ण मार्ग नाही. पूर्ण मार्ग लिहायचा तो डायरेक्ट मॅपमध्ये, ज्याची मास्टरमधली ओळ '/-' ने सुरू होते. या दोन्हींची सरमिसळ झाली की डीमन तक्रार न करता सुरू होतो आणि की काही सापडत नाही. मास्टरऐवजी /ईटीसी/ऑटो.मास्टर.डी या फोल्डरात वेगळी फाइल ठेवत असाल तर तिच्या नावाचा शेवट '.ऑटोएफएस' असाच हवा, नाहीतर ती वाचलीच जात नाही.

इनडायरेक्ट मॅपसाठी (वरच्यासारखा, नुसती की असलेला) /होम, /एमएनटी असे वापरात असलेले फोल्डर देऊ नका. ऑटोएफएस तो अख्खा फोल्डर ताब्यात घेतो आणि आतलं आधीचं सगळं झाकलं जातं. पुसलं जात नाही, सेवा थांबवल्यावर परत दिसतं. पण /होम झाकलं गेलं तर लॉगिनच होत नाही. /नेट सुद्धा टाळा, काही वितरणांच्या मूळ मास्टरमध्ये ते '-होस्ट्स' मॅपसाठी आधीच लावलेलं असतं.

आता एक दोष जरा सविस्तर, कारण तो फाइल वाचून दिसत नाही. एका मशीनवर मॅप नीट चालतो म्हणून तो पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर नेला जातो. पेन ड्राइव्ह फॅट पद्धतीचा असतो. त्यावर लिनक्सच्या परवानग्या साठत नाहीत, आणि तिथली प्रत्येक फाइल साधारणपणे ७५५ म्हणून, म्हणजे चालवण्याजोगी, दिसते. कॉपी करताना तो बिट सोबत येतो. मास्टरमध्ये मॅपचा प्रकार लिहिलेला नसेल तर ऑटोएफएस चालवता येणारी फाइल प्रोग्राम मॅप समजतो: ती वाचत नाही, चालवून पाहतो. आतला मजकूर स्क्रिप्ट नसल्याने हाती काही लागत नाही. दोन्ही मशीनवरच्या फाइली अक्षरन् अक्षर सारख्या, तरी एक चालतं आणि एक नाही. उपाय एका ओळीचा:

`सुडो सीएचमॉड ६४४ /ईटीसी/ऑटो.दप्तर`

विंडोजवर नोटपॅडमध्ये उघडून जतन केलेल्या मॅपचंही असंच. तिथे ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अदृश्य चिन्ह बसू शकतं आणि ते सर्व्हरच्या मार्गाला चिकटतं. `कॅट -ए /ईटीसी/ऑटो.दप्तर` करा, यातला 'ए' कॅपिटल. ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी '^एम' दिसलं तर `डॉस२युनिक्स` फाइलीवरून फिरवा.

कोणता बदल कधी लागू होतो हेही लक्षात असू द्या. इनडायरेक्ट मॅपमधला बदल डीमन पुढच्या शोधात आपणहून उचलतो. मास्टर किंवा डायरेक्ट मॅप बदलला तर `सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड ऑटोएफएस` हवं. डीमनला काय उमगलंय ते `सुडो ऑटोमाउंट -एम` दाखवतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी मॅप एलडॅपमधून (मध्यवर्ती नोंदवहीतून) एसएसएसडी या सेवेमार्फत येत असतील तर /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ मध्ये 'ऑटोमाउंट: फाइल्स एसएसएस' ही ओळ आहे का पाहा.

लॉग वाचा, पण साठ सेकंद थांबून

/ईटीसी/ऑटोएफएस.कॉन्फ मध्ये 'लॉगिंग = डीबग' करून सेवा पुन्हा सुरू करता येते. पण त्यापेक्षा सेवा बंद ठेवून डीमन समोर चालवणं सोपं:

`सुडो ऑटोमाउंट -एफ -व्ही -डी`

दुसऱ्या टर्मिनलमध्ये `एलएस /दप्तर/ड्रॉइंग` द्या आणि पहिल्यात काय येतं ते पाहा. काहीच आलं नाही, तर /दप्तर वर पहारा बसलेलाच नाही, चूक मास्टरमध्ये. 'की ... नॉट फाउंड इन मॅप सोर्स' आलं तर पहारा आहे, मॅपही वाचला, पण त्या नावाची ओळ नाही. अक्षरं ताडा, लहान-मोठी लिपी ताडा. 'अटेम्प्टिंग टू माउंट' येऊन पुढे '>> माउंट.एनएफएस:' ने सुरू होणारी ओळ आली तर ऑटोएफएसने आपलं काम चोख केलंय. त्या दोन बाणांपुढचा मजकूर माउंट आज्ञेचा आहे आणि उत्तर मागच्या भागात सापडेल.

इथे वेळ खाणारी गोष्ट म्हणजे नकाराची आठवण. एकदा माउंट फसलं की ऑटोएफएस तो नकार मुळात ६० सेकंद जपतो. पर्यायाचं नाव 'निगेटिव्ह_टाइमआउट'. तुम्ही सर्व्हरवर दुरुस्ती करता, लगेच क्लायंटवर येऊन पाहता, तीच चूक. म्हणून दुरुस्ती चुकली समजून ती उलटवता आणि चालू झालेलं पुन्हा बिघडवता. प्रत्येक बदलानंतर मिनिटभर थांबा, किंवा तपासणी चालू आहे तोवर हा आकडा ५ करून ठेवा.

जोडलं गेलं, पण आत जाता येत नाही

`एलएस -एलएन` करून मालकाचा आकडा पाहा. साध्या एनएफएसमध्ये परवानगी ठरते ती नावावर नाही, यूआयडीच्या (वापरकर्त्याच्या क्रमांकाच्या) आकड्यावर. उबुंटूवर पहिला वापरकर्ता १००० असतो, दुसरा १००१. एका मशीनवर 'स्नेहल' आधी बनवली आणि दुसऱ्यावर 'अमोल' आधी, की दोघांच्या फाइली एकमेकांच्या होतात. दोन्हीकडे `आयडी` चालवून आकडे जुळवा. रूट म्हणून लिहिता येत नाही ही तक्रार असेल तर तो दोष नव्हे. 'रूट_स्क्वॅश' मुळातच चालू असतं आणि क्लायंटचा रूट सर्व्हरवर 'नोबडी' होतो. ते बंद करण्यापेक्षा फोल्डरचा मालक नीट लावा.

सगळे मालक 'नोबडी' दिसत असतील तर दोन्ही बाजूंच्या /ईटीसी/आयडीमॅपडी.कॉन्फ मधलं 'डोमेन' सारखं आहे का पाहा आणि क्लायंटवर `सुडो एनएफएसआयडीमॅप -सी` ने जुनी आठवण पुसा. एखादा वापरकर्ता बऱ्याच गटांत असूनही नेमक्या एका गटाच्या फोल्डरात शिरू शकत नसेल तर त्याचे गट मोजा. साधी एनएफएस विनंती १६ च गट सोबत नेते, पुढचे गळतात. सर्व्हरवर /ईटीसी/एनएफएस.कॉन्फ मध्ये 'माउंटडी' या भागात 'मॅनेज-जीआयडीज=वाय' केलं की सर्व्हर गट स्वतः शोधतो.

फेडोरा-रेड हॅटवर होम फोल्डर एनएफएसवर असेल आणि परवानग्या ठीक असूनही लॉगिन अडत असेल तर `सुडो सेटएसईबूल -पी यूज_एनएफएस_होम_डर्स १` (इथला 'पी' कॅपिटल). एसईलिनक्स (सुरक्षेचा जास्तीचा थर) बंद करायची गरज नाही.

विंडोज शेअर आणि जुने नॅस

सीआयएफएससाठी (विंडोजची फोल्डर वाटायची पद्धत) 'सीआयएफएस-युटिल्स' पॅकेज लागतं आणि मॅपमध्ये पत्त्याआधी एक कोलन (':'):

`हिशेब -एफएसटाइप=सीआयएफएस,क्रेडेन्शियल्स=/ईटीसी/हिशेब.गुप्त,यूआयडी=१००० ://गोदा/हिशेब`

हा कोलन विसरला जातो. पासवर्ड मॅपमध्ये लिहू नका. त्यात स्वल्पविराम असला तर पर्यायांची ओळच तुटते. गुप्त फाइलीला ६०० परवानगी द्या. शेअरच्या नावात डॉलर असेल तर आधी उलटी तिरकी रेघ (बॅकस्लॅश), नाहीतर ऑटोएफएस त्याला चल (व्हेरिएबल) समजतो. चूक क्रमांक १३ म्हणजे नाव-पासवर्ड, २ म्हणजे शेअरचं नाव. ११२, 'होस्ट इज डाउन', हा फसवा: मशीन चालू असतं, पण जुना नॅस एसएमबीची (याच पद्धतीचं दुसरं नाव) पहिलीच आवृत्ती बोलतो आणि कर्नल ४.१३ पासून ती आपणहून वापरली जात नाही. नॅसचं फर्मवेअर अद्ययावत करून दुसरी-तिसरी आवृत्ती चालू करा. 'व्हर्स=१.०' लिहून काम भागतं, पण ती आवृत्ती असुरक्षित आहे, आणि हिशेबाच्या फोल्डरासाठी तर ती नकोच.

सिस्टिमडीचा ऑटोमाउंट

दोन-तीनच फोल्डर असतील तर ऑटोएफएसची गरज नाही. लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीला एफएसटॅबची एक ओळ पुरते:

`गोदा:/एसआरव्ही/ड्रॉइंग /कामं/ड्रॉइंग एनएफएस नोऑटो,_नेटडेव्ह,एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टिमडी.आयडल-टाइमआउट=३०० ० ०`

ओळ टाकून `सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड`, मग `सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट रिमोट-एफएस.टार्गेट`. आयडल-टाइमआउट लिहिला नाही तर फोल्डर कधीच सुटत नाही. नॅस बंद असताना कोणी पुन्हा पुन्हा फोल्डर उघडायचा प्रयत्न केला तर सिस्टिमडी 'माउंट-स्टार्ट-लिमिट-हिट' म्हणून हात वर करतो, आणि नॅस आल्यावरही ते युनिट फेल्डच राहतं. `सुडो सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड` करून ते ऑटोमाउंट युनिट पुन्हा सुरू करा. एकच फोल्डर ऑटोएफएस आणि सिस्टिमडी दोघांकडे कधीही देऊ नका.

अडकलेले आणि शिळे माउंट

सर्व्हर मधेच गेला की `डीएफ` अडकतो, फाइल मॅनेजर गोठतो. एनएफएसचा मूळ पर्याय 'हार्ड' आहे. तो सर्व्हर परत येईपर्यंत वाट पाहतो आणि आला की काम पुढे चालू होतं. हे त्रासदायक वाटलं तरी योग्य आहे. 'सॉफ्ट' केलं तर लिहिणं अर्धवट तुटून फाइल बिघडू शकते, म्हणून तो फक्त वाचायच्या फोल्डरांपुरता ठेवा. सर्व्हर परत येऊनही क्लायंट सुटत नसेल तर `ग्रेप गोदा /प्रॉक/माउंट्स` करा आणि 'ॲडर=' पुढचा आयपी पाहा. माउंट होताना जो पत्ता होता तोच तिथे राहतो. नॅसचा पत्ता बदलला असेल तर `सुडो यूमाउंट -एफ -एल /दप्तर/ड्रॉइंग` शिवाय गत्यंतर नाही.

सर्व्हर साधा पीसी असेल आणि ड्रॉइंग वेगळ्या डिस्कवर असतील तर आणखी एक धोका आहे. डिस्क जोडली जाण्याआधीच एनएफएस सेवा सुरू झाली तर ती खालचा रिकामा फोल्डर एक्स्पोर्ट करते. क्लायंटवर सगळं 'यशस्वी' दिसतं, फक्त आत एकही ड्रॉइंग नाही, आणि लोक त्या रिकाम्या जागेत नवं काम जतन करू लागतात. ते काम सर्व्हरच्या मूळ डिस्कवर, माउंटच्या खाली गाडलं जातं. /एसआरव्ही/ड्रॉइंग हाच त्या डिस्कचा माउंट पॉइंट असेल तर एक्स्पोर्टच्या कंसात 'एमपी' जोडा. मग डिस्क प्रत्यक्ष जोडलेली असल्याशिवाय एक्स्पोर्टच होत नाही. डिस्क बदलल्यावर 'स्टेल फाइल हँडल' येऊ लागलं तर क्लायंटवर सोडून पुन्हा जोडा, आणि एक्स्पोर्टला कायमचा 'एफएसआयडी=' आकडा द्या (शून्य सोडून, दर फोल्डरला वेगळा).

फोल्डर आपोआप सुटत नसेल तर `सुडो फ्यूझर -व्हीएम /दप्तर/ड्रॉइंग` चालवा. बहुतेक वेळा कोणाचं तरी टर्मिनल त्या फोल्डरात उघडं पडलेलं असतं. आणि 'टू मेनी लेव्हल्स ऑफ सिंबॉलिक लिंक्स' असं फक्त कंटेनरच्या आतून येत असेल तर लिंक शोधत बसू नका: कंटेनरला /दप्तर देताना माउंटचा प्रसार 'आरस्लेव्ह' लावा, म्हणजे बाहेर जोडलं गेलेलं आतही दिसेल.